जबल दुखानवरून दिलेले दोन कुकारे

आधीच सांगते, मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की "चहा टाकते" म्हणून उठणारी मी. या सदरातले अनुभव वाचतानाही मनातल्या मनात प्रत्येकाला काहीतरी कारण चिकटवत असते... वारा, ताप, अर्धवट झोप. आता माझाच अनुभव सांगते. चिकटवा कारण!

१९८३ चा जुलै महिना. आम्ही बहारीनला मुहर्रकमध्ये राहायचो. नवरा श्रीकांत हिद्दच्या बाजूला एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर, मी शाळेत शिक्षिका. आमचं लग्न पुण्याच्या ट्रेकिंग ग्रुपमधून जमलेलं, त्यामुळे अहो-जाहो काही कधी जमलं नाही. ग्रुपमध्ये तो कायम सगळ्यांच्या पुढे आणि मी कायम शेवटी. शेवटच्या माणसाने कुणी मागे राहत नाही ना ते बघायचं असतं, आणि ते काम माझ्याकडे होतं. धुकं आलं की आमचा एक नियम होता. पुढच्याने एक कुकारा, म्हणजे कू करून लांब हाक, द्यायचा; अर्थ "मी पुढे चाललोय". मागच्याने एक दिला तर "ये पुढे खुशाल". दोन दिले तर "थांब, चुकलास, माझ्या आवाजाकडे परत ये". दोन कुकारे आले की वाद घालायचा नाही, मुकाट फिरायचं.

सत्त्याहत्तर साली ढाकच्या कड्यावर श्रीकांत पडला. पायात रॉड बसला. डॉक्टर म्हणाले, डोंगर विसरा. म्हणून तर बहारीन! इतका सपाट देश की मोह व्हायचा प्रश्नच नाही, असं मी सगळ्यांना हसून सांगायचे. तो हसायचा नाही. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी गच्चीवर जाऊन नुसता उभा राहायचा, आणि ते बघून मला फार वाईट वाटायचं.

त्या वर्षी कंपनीने त्याला ट्रेनिंगसाठी सिॲटलला पाठवलं. तिथे टॉम नावाचा एक सहकारी भेटला, तोही डोंगरवेडा. जवळच समुद्राला लागून एक नॅशनल पार्क, सतत पाऊस, घनदाट जंगल, आणि आत खोलवर एक शिखर. नकाशात त्याला नावसुद्धा नाही, नुसता उंचीचा आकडा. श्रीकांतने फोनवर सांगितलं, "सुधा, शुक्रवारी पहाटे वरच्या कॅम्पवरून निघणार. एकदाच जाऊ दे." मी खूप भांडले. शेवटी म्हटलं, जा. पण त्या पायावर माझा काडीचा भरवसा नव्हता, आणि त्याचं काही झालं तर मला ते कळायलाही चार दिवस लागले असते.

शुक्रवारी मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. शेजारची मोनिका वसईची, हॉस्पिटलात नर्स. तिच्याकडे गाडी होती. संध्याकाळी पाचच्या सुमाराला, तेव्हा सिॲटलला सकाळचे सात, ती येऊन म्हणाली, "इथे बसून काय होणार तुझं? तुला डोंगर पाहिजे ना, डोंगरावर नेते. यल्ला, चल."

बहारीनचा डोंगर म्हणजे जबल दुखान. दुखान म्हणजे धूर. दमट दिवसात त्याच्याभोवती धुरकट हवा असते, म्हणून हे नाव. चढाई म्हणाल तर पर्वतीशी बरोबरी केली तरी खूप. भाजलेले दगड, एक झाड नाही. वर पोचेपर्यंत आम्ही घामाने निथळत होतो. मोनिका थर्मास उघडायला बसली आणि मी कडेला जाऊन उभी राहिले.

आणि वास आला. कुजलेल्या पानांचा, ओल्या शेवाळाचा. श्रावणात भीमाशंकरच्या रानात येतो ना, तोच. मग गार हवा लागली. समोरचं धुरकट पांढरं होत गेलं आणि त्यातून एक कुकारा आला.

श्रीकांतचा. बायकोला नवऱ्याचा आवाज ओळखायला वेळ लागत नाही, आणि हा तर मी डोंगरात वर्षानुवर्षं ऐकलेला. एकच कुकारा, "मी पुढे चाललोय". पण आवाज येत होता खालून, उजवीकडून. माझं डोकं त्या क्षणीसुद्धा सरळ चाललं होतं. शिखरावर जायला निघालेला माणूस खाली काय करतोय? हा चुकला. मी तोंडाशी हात धरले आणि जीव खाऊन दोन कुकारे दिले.

सगळं शांत झालं. मी पुन्हा दोन दिले. मग त्याचं उत्तर आलं, थोडं जवळून. मी देत राहिले, तो जवळ येत राहिला. आवाज माझ्या समोर आला, बाजूने गेला आणि मग चक्क माझ्या डोक्यावरून, वरून आला. एकच, खणखणीत, ढाकच्या आधी द्यायचा तसा. माझ्या वर तर नुसतं आकाश होतं. मी रडत होते आणि हसतही होते.

"सुधा! काय ओरडतेस गं मघापासून?" मोनिका धावत आली. तिला फक्त माझाच आवाज ऐकू आला होता. ऊन लागलं समजून तिने माझी नाडी धरली आणि मग हात तसाच ठेवून बघत राहिली.

"अगं, तू भिजलीस कशी? हे पाणी गार आहे."

माझ्या केसांतून, ओढणीतून पाणी ठिबकत होतं. मोनिकाने गार पाण्याचा थर्मास उघडून बघितला, तो भरलेला होता. तिने गळ्यातला क्रॉस हातात घेतला आणि म्हणाली, "खलास. आता खाली."

रविवारी फोन आला. मी ठरवलं होतं, आपण काही बोलायचं नाही, त्यालाच आधी बोलू द्यायचं.

"सुधा, झालं! वर गेलो. या पायाने गेलो!" त्याचा आवाज फुटत होता. "पण सकाळी मेलोच होतो. धुक्यात वाट गेली. मग मी आपला सह्याद्रीतला शहाणपणा केला, ढोरवाट शोधली."

आमच्याकडे ढोरवाट धरली की माणूस वाडीवर पोचतो, कारण गुरं संध्याकाळी घरी जातात. त्या पार्कात गुरं कुठली? ती एल्क नावाच्या थोराड हरणांची वाट होती, आणि हरणांना घर नसतं. ती खाली खाली जात कड्याच्या तोंडाशी संपत होती, माती पावसाने सुटलेली.

"चार पावलं उरली होती," तो म्हणाला, "आणि डावीकडून, वरून, दोन कुकारे आले. तुझे. मी विचारसुद्धा केला नाही गं, फिरलो."

मग मी त्याला सगळं सांगितलं. ट्रंककॉलचं भान कुणालाच राहिलं नाही.

नंतर मी गणितही करून बघितलं. हवेतून आवाज तिथून इथे यायला दहाएक तास लागतील, म्हणजे वाटेत विरून गेला नाही तर. श्रीकांतला भास झाला म्हणावं, तर मी भिजले कशी? मला भास झाला म्हणावं, तर तो फिरला कसा? इतकी वर्षं झाली, उत्तर नाही. आणि खरं सांगू, मला आता ते नकोही आहे.

एक राहिलं. कुकारे टॉमनेही ऐकले होते. त्याला आमचा नियम ठाऊक नव्हता, माझा आवाजही नाही. तो वर चढताना सारखा कुरकुरत होता, की एवढं लांब आलो आणि आपल्या आधी कुणीतरी बाई पोचलीय. शिखरावर कुणी नव्हतं, चिखलात पाऊलही नव्हतं. तरी त्याने आपलं म्हणणं बदललं नाही. पुढे तो बहारीनला आमच्याकडे जेवायला आला, तेव्हा श्रीकांत ऐटीत सांगायला लागला, "त्या शिखरावर पहिले आम्ही."

टॉमने माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणाला, "नो. आम्ही दुसरे आणि तिसरे."