पॉलीनचं न्याम

काल इथे कॅनडात, मिल्टनमध्ये शेजाऱ्यांनी जमैकन मसाल्यातलं जर्क चिकन भाजलं आणि त्या तिखट, लवंगेसारख्या वासानं मला ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमधली लंचरूम आठवली. दोन हजार सोळाचा हिवाळा असेल. कॉलेज सांभाळून मी तिथे पॅकिंग करायचो. जेवताना शेजारी जमैकाची पॉलीन असायची, माझ्या आईच्या वयाची. फोनवर बहिणीशी ती जे बोलायची ते इंग्रजीसारखं वाटायचं, पण हाती लागायचं नाही.

एकदा विचारलंच, "ही कुठली भाषा?"

"शाळेत म्हणायचे, मोडकंतोडकं इंग्रजी," ती हसली. "पण आमचं 'न्याम', म्हणजे खाणं, आफ्रिकेतून आलंय. उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी मालकाच्या इंग्रजीत आपले शब्द जपले."

माझ्या आईचा फोन आला की मी मात्र जॅकेट चढवून बर्फात जायचो, त्याच टेबलाशी जेवणाऱ्या पुण्याच्या मित्रांना माझी अहिराणी ऐकू येऊ नये म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. जॅकेट खुर्चीवरच राहिलं.

"माय, मी जेवनू," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

पॉलीननं विचारलं, "काय सांगितलंस आईला?"

"न्याम," मी म्हणालो.