शेवटच्या ओळीतलं नाव

"बाई, थांबा. परवानगी घेतली का?"

केडगावच्या हॉलात नाताळची भजनं चालली होती. मी माझ्या बापाचं भजन म्हणत होते. पहिलं कडवं संपायच्या आत पाहुण्यांच्या खुर्चीतनं जयवंत सर उठले आणि माझ्या हातातला माईक काढून घेतला. माझ्या माहेरच्या गावचे निवृत्त मास्तर, मोठं घर, सगळं चर्च त्यांना मानतं. त्यांनी एक पुस्तक वर धरून लोकांना दाखवलं. कवी म्हणून त्यांचं नाव. खाली, सर्व हक्क राखीव.

"सर, हे आबांचं हाय," मी म्हणाले.

"मग शेवटची ओळ म्हण. नाव कुणाचं येतं?"

ओळ तोंडातनं निघालीच. 'पाचटावर निजला गं माझा राजा, जयवंत म्हणे, उघडा दरवाजा.' लोक हसले. मागनं कुणीतरी म्हणालं, "ऊसतोड्याला कुठलं सुचतंय असलं!" मी मान खाली घालून बाहेर पडले. चपला तिथंच राहिल्या.

आबांना जाऊन चारच महिने झाले होते.

माझं माहेर नेवाशाकडं. नाताळ आम्हाला गावात कधी घावलाच नाही. तेव्हा ऊसतोडीचा ऐन हंगाम, त्यामुळं सण कोपीत, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या, उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत. आबा मोळ्या बांधता बांधता भजन जुळवायचे आणि भाकरी खायला बसलं की डब्यावर ताल धरून सगळ्यांना शिकवायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. उन्हाळ्यात गावी आलं की ते सरांच्या ओट्यावर बसून सांगायचे, सर वहीत उतरवून घ्यायचे. आमच्यात भजनाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. आबांनी तिथं सरांचं नाव घातलं. अरे देवा, केवढा भोळा माणूस!

त्या दिवशी घरी येऊन मी आबांवरच ओरडले. भिंतीवरच्या फोटोवर. मग मोबाईलात त्यांचा आवाज लावला, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मीच भरून घेतलेला. भजनाच्या आधी आबा बोलतात, "सरांचं नाव घालतो. मला लिव्हता येत न्हाई, त्यांनी लिव्हलं. माझ्यापाशी दुसरं द्यायला काय हाय?"

पदर तोंडात कोंबून रडले. अजून ते ऐकलं की काळीज फाटतं.

आठवड्यानं सर घरी आले. हातात टाईप केलेला कागद, त्यात माझ्या नावानं लिहिलेलं: भजन सरांचं आहे हे मला मान्य, आणि सरांच्या परवानगीनं मी ते चर्चमध्ये म्हणू शकते. "सही कर. तुझ्या भल्याचंच आहे," म्हणाले. पेनसुद्धा त्यांनीच पुढं केलं. मी दहावी शिकलेली, आबांनी कोयत्यावर राबून शिकवलेली. कागद दोनदा वाचला.

"सर, परवानगी तुमी मागायची. द्यायची का न्हाई ते मी बघंन."

कागद परत दिला. त्यांच्यासाठी ठेवलेला चहा तसाच उकळत राहिला.

मग नगरच्या कोर्टातल्या एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, ज्यानं रचलं त्याचा हक्क. नोंदणी लागत नाही. वहीत उतरवून घेतलं म्हणून हक्क मिळत नाही, मानानं नाव घातलं म्हणूनही नाही. द्यायचा तर सही करून लेखी द्यावा लागतो. माणूस गेल्यावर साठ वर्षं तो वारसांकडं राहतो. एवढं साधं माझ्या बापाला कुणी सांगितलं नाही. सर तर शिकलेले होते.

सरांना नोटीस गेली. चर्चमधले लोक माझ्याशी बोलेनात. नका बोलू!

शेवटची ओळ मी बदललेली नाही. आबांनी जीव लावून घातलेलं नाव मी काढणार नाही. त्याची लाज सरांना वाटू दे. सगळी भजनं मी माझ्या हातानं नव्या वहीत लिहिली. पहिल्या पानावर लिहिलं, रचणारे लहानू, ऊसतोड कामगार. कोपीत म्हणा, चर्चमध्ये म्हणा, लग्नात म्हणा, चाल बदला, मला विचारायची गरज नाही. नाव मात्र आबांचं घ्या. छापून विकायचं असेल तर आधी माझ्या दारात या.

नाताळ परत आलाय. मी त्याच हॉलात जाणार आहे. आधी आबांचं नाव सांगणार, मग भजन. माईक काढून घेतला तर बिनमाईकचं म्हणीन, शेवटच्या ओळीपर्यंत.