टॉकीज पाडली हे मीच कमलला सांगितलं

विलासचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या उलटवत होते. "मामी, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "काल चालली होती का?" तो म्हणाला, "नाही मामी. नव्हती चालली." या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. लोक म्हणतात, वय झालं होतं, सुटली बिचारी. मी तसं म्हणत नाही.

कमल माझी नणंद. नवरा कोराडीच्या वीजघरात कामाला होता, तो लवकर गेला. पदरात विलास. तेव्हा आमच्या वस्तीतल्या टॉकीजला बायकांच्या दरवाज्यावर उभं राहायला बाई हवी होती. आमच्या घरच्यांनी, म्हणजे तिच्या भावाने, आकांडतांडव केलं. मी म्हटलं, घरी बसून ती भिंतींशी बोलेल काय? ती लागली कामाला आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. टॉकीजचा नियम असा की लेकरू रडलं तर आईने त्याला घेऊन बाहेर जायचं. कमल आईला उठूच देत नसे. लेकरू स्वतःच्या खांद्यावर टाकून दाराच्या पडद्याबाहेरच्या व्हरांड्यात फेऱ्या मारायची. त्यामुळे तिने सगळे पिच्चर ऐकले, पाहिला एकही नाही. तरी एखादी बाई उशिरा आली की आतापर्यंतची स्टोरी कमलच सांगायची, आवाजावरून अंदाज बांधून. एकदा आत धाड धाड झालं आणि बायका रडायला लागल्या. हिने दाराशी आलेल्या बाईला सांगून टाकलं, "हिरोचा भाऊ मेला." ती बाई आत न जाता रडत घरी गेली आणि वस्तीभर सांगत सुटली. दुसऱ्या दिवशी चार बायका भांडायला आल्या, "कमलबाई, तो तं जिता हाये! त्याच्या लग्नाचे फटाके होते ते!" कमल म्हणाली, "मंग तुम्ही काहून रडत होत्या वं? मले काय मालूम, तुमाले लग्नातबी रडू येते!"

म्हातारपणी ती विलासकडे नंदनवनला राहायला गेली. तिथे बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालली तर उठेल, नाही तर गादीला लागेल. कमल पायच टाकेना. मग विलास म्हणाला, "आई, तू वॉकर घेऊन फाटकापर्यंत गेली की तुले टॉकीजला नेतो. नावाच्या पाट्या पडायच्या आधीपासून शेवटपर्यंत, खुर्चीत बसून पाहाजो." त्या दिवसापासून ती उठायला लागली. दात-ओठ खात, आम्हाला शिव्या देत, पण उठायला लागली.

आणि त्याच पावसाळ्यात टॉकीज पाडली. आधी पत्रे ठोकले, मग मशीन आणलं, आठवड्यात मैदान. आता तिथे कॉम्प्लेक्स उभा आहे. खाली मोबाईलची आणि औषधांची दुकानं सुरू झाली, वर प्लास्टर चालू आहे. बायकांचा दरवाजा होता तिथून गाड्या तळघरात उतरतात. विलास म्हणाला, "मामी, आईले सांगू नका." मी तोंडावर बोलणारी बाई, पण गप्प बसले. दर गुरुवारी मी ऑटोने नंदनवनला जायची. ती विचारायची, "वैनी, कोणता लागला?" मी मनानेच एक स्टोरी बनवून सांगायची. ऐकायला मिळावी म्हणून ती नळापर्यंत जाऊन यायची, मग तुळशीपर्यंत. पुढे तर ती फाटकाला हात लावून आली आणि म्हणाली, "आता पुढच्या गुरुवारी जाऊ." आम्ही खोटं बोललो ते तिला चालवण्यासाठी, आणि ती खरंच चालली. एवढा पुढचा विचार कोणी केलाच नव्हता.

विलास म्हणाला, मॉलमधल्या थेटरात नेऊ, तिला काय कळतंय. मी म्हटलं, "ती आंधळी हाये का? आपला दरवाजा नाही शोधणार?" बुधवारी मी गेले आणि सांगितलं. ती पलंगाच्या काठावर बसली होती.

"कवा पाडली?"

"मागच्या पावसाळ्यात."

"आन् तुले मालूम होतं."

"होतं."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं? आन् तवा नाही सांगितलं, तं आता काहून सांगून राहिली?"

तिने भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन्ही गुरुवार मी गेले तेव्हा ती झोपलेली होती, किंवा झोपल्यासारखी. तिसरा गुरुवार आलाच नाही.

तेरवीला विलास मला काहीही बोलला नाही. "मामी, जेवून घ्या," एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपले असते. त्याच्या बायकोने वॉकर कोपऱ्यात उभा केला होता, कोणाला तरी देऊन टाकायला. मी सहज हात लावला तर पायांना नवी रबरं. विचारलं तर म्हणाली, "जुनी घासून गेली होती ना, आईंनीच बदलून मागितली."

"कधी? मी सांगायच्या आधी का नंतर?"

तिला आठवेना. मी वॉकर उलटा करून उजेडात धरला. एका रबराची कड थोडी झिजलेली दिसते... पण ती फरशी पुसताना सरकवूनही झिजली असेल. वॉकर मी घरी घेऊन आले. मला त्याची गरज नाही, माझे पाय धड आहेत. येता-जाता तो उलटा करून बघते, एवढंच. नंदनवनला चारदा फोन लावून झाला. परवा सून वैतागून म्हणाली, "मामी, किती वेळा विचारता? खरंच नाही आठवत."

मी म्हटलं, "आठव."