विजेची पाळी

वडील भोरला कचेरीत कारकून होते आणि वीज कंपनीच्या शेअरांवर त्यांची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती. ते म्हणत, "गिरणी बंद पडेल, सोनं चोरीला जाईल. पण ज्यानं एकदा विजेचा दिवा लावला तो परत चिमणी लावणार नाही. डिव्हिडंड येत राहतो, शेअरची किंमतही चढत राहते." दर सहा महिन्यांनी पुण्याहून डिव्हिडंडचा लिफाफा आला की तो आधी देवापुढे जायचा, मग बँकेत.

हीच श्रद्धा त्यांनी भाटघरच्या तात्यांच्या गळ्यात घातली. तात्यांची सखल जमीन धरणात गेली होती. वर उरला होता एक उतार. पाणी खाली चकाकत असायचं, वर मात्र चढायचं नाही. नुकसानभरपाईचे पैसे घेऊन तात्या सल्ला विचारायला आले आणि वडिलांनी त्यांना त्याच कंपनीचे शेअर घेऊन दिले. म्हणाले, "कंपनीत तुमचा हिस्सा झाला."

तात्या खूश झाले. आमच्याकडे चार घरं मिळून विहीर खणतात. ज्याचा हिस्सा त्याची मोटेची पाळी, त्यात वाद नाही. कंपनीत हिस्सा म्हणजे विजेची पाळी, मग पंप, मग उताराला पाणी, हा तात्यांचा हिशेब होता. तो चूक होता असं मला आजही मनापासून म्हणवत नाही.

पहिला लिफाफा घेऊन ते भोरला आले.

"भाऊसाहेब, हे परत धाडा. पैशे न्हाई, पाळी पायजे."

"अहो, हीच तुमची पाळी."

"ह्यानं भात भिजतंय व्हय?"

मी तेव्हा पुण्यात कॉलेजात होतो आणि सुट्टीत चळवळीची पत्रकं लिहीत होतो. धरणाकाठच्या गावांना विजेचे खांब द्या म्हणून एक जहाल पत्रक मी काढलं आणि तात्यांना घेऊन कंपनीच्या वार्षिक सभेला गेलो. वडीलही आले होते, पण आमच्याजवळ बसले नाहीत. नफ्यातून गावांकडे तारा ओढायच्या की डिव्हिडंड वाढवायचा, हे तिथं ठरायचं होतं. तात्यांचा उतार त्या एका ठरावावर टांगलेला होता.

तात्या पागोटं हातात घेऊन उभे राहिले. "आमचा हिस्सा हाय हितं. पाळी कवा लागायची, येवढं सांगा."

सभा हसली. कुचेष्टेनं नव्हे, लाडानं. कुचेष्टा असती तर मला भांडता आलं असतं.

अध्यक्षांनी विचारलं, "डिव्हिडंड वेळेवर मिळतो ना, बाबा?"

"मिळतो."

"मग आणखी काय हवं?"

डिव्हिडंडच्या बाजूनं हात वर झाले. त्यांत वडिलांचा हात होता. तात्यांनी तो पाहिला आणि पागोटं डोक्यावर ठेवलं.

परतताना मी वडिलांना जाब विचारला. ते शांतपणे म्हणाले, "तुझी फी कुठून येते? पत्रकाचा कागद कुठून येतो?"

तात्यांनी शेअर विकायला काढले, ते वडिलांनीच घेतले, बाजारभावानं. त्यांनी एका पैचीही लबाडी केली नाही, आणि तेच मला गिळवत नाही. पुढं भाव चढला, वडिलांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. तात्यांनी ते पैसे शिवऱ्याला व्याह्यांच्या विहिरीत घातले आणि परक्या गावात वाट्यानं शेती करू लागले. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "हितं बेस हाय. आठवड्यातनं दोन दिस पाळी मिळती. तुमची सभा काय म्हणती?"

पदवी मिळाली तेव्हा वडिलांनी तात्यांचे शेअर माझ्या नावे केले. पुढच्या सभेला मी भागधारक म्हणून गेलो. भाषण लिहून खिशात नेलं होतं. तोच तारांचा ठराव पुन्हा आला. घरात बहिणीचं लग्न ठरलं होतं, आणि खर्च त्या डिव्हिडंडवर टेकला होता.

तारांच्या बाजूनं कोण, असं अध्यक्षांनी विचारलं. तीन हात वर गेले. त्यांत माझा नव्हता.

भाटघरच्या उतारावर आता कुसळी गवत माजलं आहे. माझी पत्रकं अजून निघतात, आणि लोक मला बेडर म्हणतात.