अंबाडी कुणी बंद केली

घरात अजून सगळे म्हणतात, अकोल्याच्या दवाखान्यातल्या त्या सिस्टरनं आईची, म्हणजे माझ्या बायकोची, पालेभाजी बंद केली. परवा मुलगी अमरावतीहून आली, तीही शेजारणीला तेच सांगत होती. आता लिहून ठेवतो: सिस्टरनं नाही, मी बंद केली.

हिच्या हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. गोळी बरोबर लागू पडते का, हे पाहायला दर महिन्याला रक्त तपासायचं. दर्यापूरहून एसटीनं अकोल्याला जायचो. पहिल्याच खेपेला सिस्टर हिला समजावू लागली, "मावशी, गोळी रोज ठरल्या वेळी. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळं झालं तर लगेच या. आणि पालेभाजी..."

"मला सांगा," मी मधेच म्हणालो. "तिच्या ध्यानात राहत नाही."

जन्मभर कोर्टात अशिलाच्या वतीनं बोललो, बायकोच्या वतीनंही तसाच. सिस्टर पुढं बोलली ते अर्धंच ऐकलं आणि घरी येऊन सिस्टरच्या नावानं हुकूम सोडला: मेथी नाही, पालक नाही, अंबाडी नाही.

हिचं माहेर पातूरकडचं. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली अंबाडी, वर लसणाचं तेल, सोबत भाकर. याहून मोठं सुख तिला माहीत नव्हतं. बाजारात ती अंबाडीची जुडी उचलायची, हुंगायची, परत ठेवायची. भाजीवाली म्हणायची, "घे न वो बाई, वासानंच पोट भरते काय?" ही नुसती हसायची.

बऱ्याच महिन्यांनी रिपोर्ट पाहताना सिस्टरनं हिलाच विचारलं, "पालेभाजी किती खाता, मावशी?"

हिनं माझ्याकडं पाहिलं. मी ऐटीत सांगितलं, "पानसुद्धा नाही."

"अहो काका, बंद करा कोण म्हणालं? रोज सारखीच खा, म्हटलं होतं. एकदम वाढवली की गोळीचा असर कमी होतो, एकदम सोडली की रक्त जास्त पातळ होतं. आता थोडी थोडी सुरू करा, तपासणी चुकवू नका, गोळी आम्ही जुळवून देऊ."

परतीच्या एसटीत ही म्हणाली, "मंग आणू का अंबाडी?"

"डॉक्टरले विचारू आधी."

"सिस्टरनं सांगतलं ना आत्ता."

"तुले समजलं का ते?"

"मले पयल्याच खेपेले समजलं होतं. तुमी घरी येऊन नाई म्हणले. मंग काय भांडत बसू?"

डॉक्टरांना मी कधीच विचारलं नाही. विचारलं असतं तर माझंच चुकलं हे घरात कळलं असतं. त्या हिवाळ्यात न्यूमोनियानं ती गेली. त्याचा भाजीशी काही संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला त्यानं बरं वाटत नाही.

वाटतं, एकदा तरी तिला अकोल्याला न्यावं, सिस्टरसमोर एकटीला बसवावं आणि आपण बाहेर बाकावर थांबावं. दाराआडून तिचा आवाज यावा. तिला काय काय विचारायचं होतं, ते मला अजून माहीत नाही.