कोपरा कापलेलं पत्र

चंपतराव इतवारीच्या धान्यबाजारात मापारी होता. पोत्यात परखी खुपसून तळचा दाणा हातावर घेतल्याशिवाय त्याने कधी कोणाचा शब्द मानला नाही. बाजारात ते शोभायचं. पण हा बाबा घरातही तसाच वागायचा, आणि त्याचा शेजारी म्हणून मला त्याचा राग यायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात त्याचा मुलगा धोंडबा आघाडीवर होता. रोज संध्याकाळी चंपतराव माझ्या ओट्यावर येऊन ट्रान्झिस्टरची खुंटी पिळत बसे. फुटलेल्या रणगाड्यांचा आकडा दिल्ली एक सांगे, शत्रूचं स्टेशन दुसरा, सकाळचा पेपर तिसरा.

"कोणीतरी काटा मारून राहिलं," तो म्हणे.

मग चौकात लष्कराची प्रचारगाडी आली. भोंग्यावरून एक सुभेदार सांगत होता, जवानांची पत्रं तपासली जातात, त्यात ठिकाणाचं नाव असलं तर तेवढा भाग कापतात, घाबरू नका.

"घाबरू नका असं काहून सांगून राहिला गा हा?" चंपतरावने मला विचारलं.

आठ दिवसांनी धोंडबाचं कार्ड आलं. वरचा कोपरा कापलेला. आमच्याकडे मरणाचं पत्र कोपरा फाडूनच पाठवतात. धोंडबाच्या आईने, रुख्मिणीबाईने, दारातच बसकण मारली. सून वच्छला चार बुकं शिकलेली. तिने मजकूर वाचला. मी खुशाल आहे, तुरीचे दाणे सोलून ठेवा.

"अक्षर त्यायचंच हाय, मामाजी."

"लिवलं असन आधी. मेल्याची तार दडपली लष्करवाल्यायनं."

मी सुभेदाराच्या बोलण्याची आठवण करून दिली.

"त्यायनंच सांगतलं, म्हणून तर मानत नाही."

त्याने सुतक धरलं. दहाव्या दिवशी बायकांनी वच्छलेच्या बांगड्या फोडल्या. ती ओरडत होती, मनगटातून रक्त येत होतं. मी दारात गप्प उभा राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

फेब्रुवारीत धोंडबा खांद्यावर ट्रंक घेऊन गल्लीत शिरला. चंपतराव त्याच्या गळ्यात पडून रडला, आणि तसाच अनवाणी जाऊन हिरव्या बांगड्या घेऊन आला. वच्छलेने हात पुढे केला नाही.

"मामाजी, तुमाले कोणाचंच काही पटत नाही," ती शांतपणे म्हणाली. "मंग ते मेले, हे एवढ्या लवकर कसं पटलं?"