बाभळीला अडकलेली लोकर

कच्छात रस्त्याच्या कामावर पोकलेन चालवत होतो, तेव्हा मामाचा फोन आला. "गावानं नदी रुंद करायला मशीन आणलंय. ड्रायव्हर लग्नाला गेला त्यो गेलाच. तू कवा येतू? औंदा पाणी शिरलं तर वस्ती ऱ्हात न्हाई." मागच्या पुरात मामाच्या निम्म्या मेंढ्या वाहून गेल्या होत्या. तसाही माझा पाय एका जागी टिकत नाही. निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर अहमदाबादहून ट्रॅव्हल्सनं संभाजीनगर गाठा आणि तिथून माजलगावची एसटी धरा. गढीच्या फाट्यावर गाडी डावीकडं वळली की काळी रानं सुरू होतात. माजलगावच्या स्टँडवर गरम भजी मिळतात, तळलेली मिरची मागून घ्या. मुक्कामाची सोय तिथंच बघा, कारण पुढं ओळखीशिवाय जागा नाही. दिंद्रुडला जीप जाते. भाडं लई नाही, पण हाडं खिळखिळी होतात. पुढं मामा मोटारसायकल घेऊन आलता. घरी मामीचे धपाटे आणि जवसाची चटणी. प्रवासाचा शीण तिथंच उतरला.

सकाळी नदीवर गेलो. वळणावर दोन पुरुष उंच काठ, सुरीनं कापल्यासारखा उभा. ऊन त्याच्यावर चढलं आणि काठ जागा झाला. सगळ्या मातीत भोकंच भोकं होती, आणि एकेका भोकातून हिरवा वेडा राघू बाणासारखा सुटत होता. तांबूस डोकं, डोळ्याला काजळाची रेघ, शेपटीला तारेसारखं टोक. हवेतच माशी झेलायची, गिरकी मारायची आणि भोकात शिरायचं. आतून बारीक कुईकुई येत होती. खाली डोहात एक कासव मान वर काढून बसलेलं. मी चप्पल काढून वाळूत बसलो. देवळात बसतात तसा.

"फोडायचाय त्यो काठ ह्योच," मामा म्हणाला.

"मामा, आत पिल्लं हायत."

"आन वस्तीत तुजी मामी हाय. ती काय उडून जाईल व्हय?"

मशीन लावायच्या आधी मी सगळी जागा पायी फिरतो. तसाच निघालो. वस्तीच्या मागं बाभळी आहेत. त्यांच्या काट्यांना डोक्याच्या वर पांढरे झुपके लटकत होते. कापूस वाटला. मामानं हात वर करून एक झुपका ओढला, बोटांत चोळला आणि खालीच बसला. "माज्याच मेंढ्या हायत ह्या," एवढंच म्हणाला.

लोकर होती ती, मागच्या पुराचं पाणी एवढं चढलं होतं. झुपके बघत पुढं गेलो. नदीपासून लांब, जुन्या नाळीतून ते गेले होते. नाळ म्हणजे पुराचं पाणी बाजूनं काढून खाली परत नदीला नेणारी वाट. तात्यांच्या रानाशी ती बंद झालेली. तात्या म्हणजे इथले मोठे जमीनदार. त्यांनी नाळ बुजवून कापसाला रान केलं होतं. पाणी इथं अडलं आणि उलटं वस्तीत शिरलं. काठ फोडला असता तरी ते इथं तुंबलंच असतं.

काठाऐवजी नाळच उकरायचं ठरवलं, तसे तात्या लगोलग आले. "माजं रान फोडायचं आन पाखराला बंगले ठिवायचे व्हय बे?"

"पाखराचं ऱ्हाऊ द्या, तात्या," मामानं मूठ उघडून लोकर दाखवली. "नाळ मोकळी करू द्या. दर उन्हाळ्यात मेंढ्या तुमच्याच रानात बसवीन. धान्य न्हाई मागणार."

इकडं पेरणीआधी मेंढ्या रानात बसवतात. लेंडीखत पडतं, म्हणून शेतकरी धनगराला धान्य देतात, वर नंबरासाठी भांडतात.

तात्यांनी तंबाखू मळली. "पयला नंबर माजा?"

"तुमचाच."

"मंग लाव मशीन. पर बांधाला हात लावू नको."

माती उपसली की किडे उडायचे. पहिल्याच दिवशी दुपारी राघूंना ते कळलं. बकेट वर गेली की पाच-सात जण माझ्या काचेसमोर गिरक्या घेत. आयुष्यात एवढी मशीनं चालवली, पण अशी सोबत कधी नव्हती. काम उरकून निघालो त्या संध्याकाळी मामाच्या उरलेल्या मेंढ्या तात्यांच्या रानात बसल्या होत्या.

तुम्ही राघू बघायला गेलात तर चैत्र-वैशाखात जा, समोरच्या वाळूतूनच बघा, काठावर चढू नका.

पूर आला तेव्हा मी परत कच्छात होतो. मामाचा फोन आला. "पाणी नाळीनं गेलं. वस्तीत ओल सुदीक न्हाई. तात्याचा बांध तेवढा गेला, रोज शिव्या देतंय."

"आन काठ?"

"नदीनंच कापला वरचा पदर. भोकं गेली."

"राघू?"

"ते पिल्लांसकट कवाच उडाले. काठ कोऱ्या पाटीवानी झालाय, येतील आन पाडतील नवी भोकं. मेंढ्यांचं इचार की येड्या!"

केबिनच्या काचेला बाभळीवरचा एक लोकरीचा झुपका बांधलाय. वैशाखात रजा टाकणार आहे. त्या कोऱ्या काठावर पहिलं भोक पडताना बघायचंय.